जुन्या गाण्यांचे ऋण, नव्यांचा हक्क

रॉक संगीत जन्माला आले ते तरुणांचे संगीत म्हणून. तिशी ओलांडलेल्या माणसावर विश्वास ठेवू नका, असे बजावणाऱ्या पिढीने ते डोक्यावर घेतले. त्या पिढीचे गायक आता ऐंशीच्या पलीकडे गेले आहेत आणि तरीही रंगमंच सोडण्यास ते तयार नाहीत. १९६२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘रोलिंग स्टोन्स’ने २०२४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचा दौरा केला. तो संपला तेव्हा मिक जॅगर यांना ८१ वर्षे पूर्ण होण्यास अवघे काही दिवस उरले होते. पॉल मॅकार्टनी आणि बॉब डिलन यांनीही ऐंशी वर्षे ओलांडल्यावर दौरे चालूच ठेवले. या दीर्घायुष्याने एक नवा प्रश्न उभा केला आहे. साठ वर्षांत रचलेल्या शेकडो गाण्यांपैकी एका संध्याकाळी जेमतेम वीस गाणी म्हणता येतात. ती कोणती म्हणावीत? आणि काल एका शहरात जी म्हटली, तीच त्याच क्रमाने आज दुसऱ्या शहरात म्हणावीत काय?

वरवर पाहता हा प्रश्न किरकोळ वाटेल. गाणी कोणती म्हणावीत हे गाणाऱ्याने ठरवावे. त्यात इतरांनी डोके घालण्याचे कारण काय, असेही कोणी विचारील. परंतु या प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. वयोवृद्ध कलावंत हा आपल्या गतवैभवाचा केवळ राखणदार असतो, की अखेरपर्यंत निर्माताही असतो? आणि महागडे तिकीट काढून समोर येऊन बसलेल्या श्रोत्याचे त्याच्यावर नेमके ऋण किती?

ठरीव यादीचा धोका

एकच यादी घोटत राहण्याने काय होते, याचे बोलके उदाहरण ‘बीटल्स’चे आहे. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील कँडलस्टिक पार्क मैदानावर त्यांच्या अखेरच्या दौऱ्याची सांगता झाली. अकरा गाणी, आणि वेळ सुमारे अर्ध्या तासाचा. त्याच महिन्याच्या आरंभी त्यांचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम प्रसिद्ध झाला होता. पण त्यातले एकही गाणे त्या दौऱ्यात वाजले नाही. स्टुडिओत रचलेले ते गुंतागुंतीचे संगीत चार माणसांनी उघड्या मैदानावर उभे करणे अवघड होते, आणि चाहत्यांच्या किंकाळ्यांत ते ऐकूही गेले नसते. निर्मिती एका दिशेने चालली होती आणि कार्यक्रम दुसरीकडेच अडकून पडला होता. दौरे कायमचे बंद करण्यामागे इतरही कारणे होती. परंतु ज्या कार्यक्रमात आपले आजचे काम मांडताच येत नाही, तो करण्यात कलावंताला रस उरत नाही, हे त्यातले एक मोठे कारण होते.

अर्थात श्रोतेही नव्याचे स्वागत करतातच असे नाही. १५ ऑक्टोबर १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉक अँड रोलच्या आरंभकाळातील गायकांचा मेळावा भरला होता. रिक नेल्सन यांनी आपली जुनी गाणी म्हटली, तोवर सारे ठीक होते. पुढे त्यांनी नव्या ढंगाचे गाणे काढले आणि सभागृहात हुर्यो उठली. ती नेमकी कोणासाठी होती, याविषयी आजही मतभेद आहेत. नेल्सन यांनी मात्र ती आपलीच मानली. त्या अनुभवावर त्यांनी ‘गार्डन पार्टी’ हे गाणे रचले. १९७२ मध्ये ते अतिशय गाजले. केवळ आठवणींवर जगण्यास नकार देणारे हे गाणेच पुढे त्यांच्याकडून हमखास मागितले जाणारे जुने गाणे होऊन बसले. लोकप्रियतेचा हा काच कोणत्याही कलावंताला सहजासहजी चुकवता येत नाही.

श्रोत्यांचे दोन वर्ग

या वादात श्रोत्यांचे दोन वर्ग समोरासमोर उभे असतात. एक वर्ग एखाद्या बँडला आयुष्यात एकदाच, फार तर दोनदा ऐकतो. दुसरा दौऱ्याबरोबर गावोगाव फिरतो, कोणत्या रात्री काय वाजले याची नोंद ठेवतो आणि वीस वर्षांत न वाजलेले एखादे गाणे कानी पडले की धन्य होतो. पूर्वी आदल्या रात्रीच्या कार्यक्रमाची वार्ता पुढच्या गावी पोचण्यास वेळ लागे. आता कार्यक्रम चालू असतानाच गाण्यांची यादी इंटरनेटवरून जगभर जाते. त्यामुळे तोचतोपणा पूर्वीपेक्षा अधिक उघडा पडतो आणि दुसऱ्या वर्गाचा आवाज त्याच्या संख्येच्या मानाने मोठा वाटतो.

पहिल्या वर्गाची बाजू मुंबईकर रसिकाला समजावून सांगण्याची गरज नाही. ‘रोलिंग स्टोन्स’ मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले ते एप्रिल २००३ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर चाळीस वर्षे उलटल्यावर. ‘यू टू’ या आयर्लंडच्या बँडचा भारतातील पहिला कार्यक्रम १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. त्या दौऱ्याचा गाभाच मुळी ठरलेला होता. १९८७ सालचा ‘द जोशुआ ट्री’ हा संपूर्ण अल्बम मूळ क्रमाने सादर होणार, हे आधीच जाहीर होते. डब्लिनच्या एखाद्या जुन्या चाहत्याला त्यात काही नवे वाटले नसेल. परंतु जी गाणी इथल्या माणसाने तीस वर्षे कॅसेटवर ऐकली, ती गायकाच्या मुखातून ऐकण्याचा योग त्याला प्रथमच येत होता. पुनरावृत्ती ही गाण्यात नसते, ती ऐकणाऱ्याच्या अनुभवात असते. तेव्हा ‘तीच ती गाणी’ म्हणून नाक मुरडणाऱ्याने आपल्या शेजारी बसलेल्याचाही विचार करावयास हवा.

स्वातंत्र्याची किंमत

याच्या अगदी उलट टोकाला अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ हा बँड होता. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्यांनी २,३०० हून अधिक कार्यक्रम केले, आणि यादी ही त्यांच्याकडे रोज नव्याने घडणारी गोष्ट होती. एकच गाणे एका रात्री पाच मिनिटांचे, तर दुसऱ्या रात्री वीस मिनिटांचे होई. आपल्याकडील मैफलीत गवई समोरचा श्रोता आणि स्वतःचा त्या दिवशीचा गळा पाहून राग निवडतो, त्याच्याशी या पद्धतीचे जवळचे नाते आहे. श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करू देण्याइतके औदार्य त्यांनी दाखवले. १९८४ पासून तर त्यासाठी स्वतंत्र जागाच राखून ठेवली. त्यांच्या ८ मे १९७७ च्या कॉर्नेल विद्यापीठातील कार्यक्रमाचे मुद्रण पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत समाविष्ट केले.

परंतु या स्वातंत्र्याच्या दोन अटी होत्या. अमेरिकेच्या पहिल्या दहा गाण्यांत त्यांचे एकच गाणे पोचले, तेही १९८७ मध्ये. ‘तेवढे गाणे म्हणाच’ असा तगादा लावणारा श्रोता त्यांच्याकडे फारसा नव्हताच. दुसरे असे की, त्यांच्या काही रात्री सपशेल फसत. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवातील आपले वादन वाईट झाले, हे त्यांनी स्वतःच मान्य केले होते. रोज नवे करू म्हणणाऱ्याला रोज पडण्याचीही तयारी ठेवावी लागते, आणि ती त्याच्या श्रोत्यांनाही ठेवावी लागते. नव्वद पौंड मोजून वर्षाकाठी एकदा कार्यक्रमाला येणाऱ्या मनुष्याकडून तशी अपेक्षा करणे कितपत न्याय्य ठरेल?

शिवाय आजचा कार्यक्रम केवळ गायक-वादकांचा राहिलेला नाही. मागच्या पडद्यावरील चित्रे, दिव्यांची उघडझाप आणि ध्वनियोजना यांची आगाऊ सांगड घातलेली असते. मॅकार्टनी यांच्या २०२२ मध्ये सुरू झालेल्या दौऱ्यात जॉन लेनन यांच्या १९६९ मधील चित्रीकरणाबरोबर ते एक गाणे म्हणतात. हे काही आयत्या वेळी ठरवता येण्यासारखे नाही. वयाचीही मर्यादा असतेच. गळ्याला विसावा कोठे द्यायचा आणि दमवणारी गाणी लागोपाठ येऊ द्यायची की नाही, याचा हिशेब यादीत असतो. रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स तर गिटारच्या तारा निरनिराळ्या गाण्यांसाठी निरनिराळ्या पद्धतीने लावतात. क्रम बदलला की पडद्यामागची व्यवस्थाही बदलते.

मधला मार्ग

तरीही या अडचणी बदल टाळण्याची सबब होऊ शकत नाहीत. रोलिंग स्टोन्सनेच २००२-०३ च्या दौऱ्यात मोठी मैदाने, बंदिस्त क्रीडागृहे आणि छोटी नाट्यगृहे अशी तीन प्रकारची ठिकाणे निवडली आणि प्रत्येक ठिकाणच्या यादीला वेगळे रूप दिले. १९८२ पासून त्यांना साथ करणारे चक लेव्हेल पूर्वीच्या कार्यक्रमांच्या वह्या सांभाळून ठेवतात आणि त्यांच्या आधारे जॅगर यांना यादी सुचवतात. आयुष्यभराच्या संचिताचा असा डोळस उपयोग करता येतो.

‘मेटॅलिका’ने २०२३ मध्ये वेगळा प्रयोग सुरू केला. एका शहरात दोन रात्री कार्यक्रम करायचे आणि एकही गाणे पुन्हा म्हणायचे नाही. कल्पना धाडसी खरी. पण ज्याला एकाच रात्रीचे तिकीट परवडते, त्याला त्यांची दोन सर्वांत प्रसिद्ध गाणी एकत्र ऐकायला मिळत नाहीत. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्यावर २०२३ मध्ये उलट आक्षेप आला. श्रोत्यांनी उंचावलेल्या फलकांवरची फर्माईश हौसेने पुरी करणारा हा गायक त्या वर्षी बऱ्याच अंशी ठरावीक यादी म्हणू लागला, म्हणून जुने चाहते हिरमुसले. पण त्या यादीला एक सूत्र होते. वार्धक्य, दिवंगत सोबती आणि उरलेला काळ यांविषयीचे ते सलग निवेदन होते. नाटकाचे अंक रोज बदलत नाहीत, म्हणून नाटककारावर कोणी आळसाचा आरोप करीत नाही. यादी स्थिर आहे की बदलती, याइतकेच ती विचाराने स्थिर राहिली आहे की सवयीने, हेही पाहिले पाहिजे.

मग प्रमाण कोणते असावे? वीस गाण्यांचा कार्यक्रम असेल, तर त्यातील बारा-तेरा गाण्यांवर एकदाच येणाऱ्या श्रोत्याचा हक्क मानावा. त्या गाण्यांनीच बँडला मोठे केले. ते ऋण नाकारण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. उरलेली सात-आठ मात्र कलावंताने स्वतःसाठी राखून ठेवावीत. त्यांत एखाद-दुसरे अगदी नवे असावे, बाकीची अडगळीत गेलेल्या गाण्यांतून रोज निराळी यावीत. आपण जुने गाणे काढले की सभागृह मोबाइलच्या दिव्यांनी उजळते आणि नवे काढले की काळोख पसरतो, असे मॅकार्टनी यांनी सांगितले आहे. तरीही ते नवी गाणी म्हणतात. तेवढा काळोख सोसणे हे श्रोत्याचेही कर्तव्य आहे. ज्या जुन्या गाण्यांसाठी तो आज आसुसतो, तीही एके काळी अनोळखी श्रोत्यांपुढे पहिल्यांदा म्हटली गेली होती.

या विषयाला एक निकडही आहे. रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तले. १९६३ पासून त्यांच्या ढोलवादनावर उभा असलेला तो ठेका ध्वनिमुद्रणात राहिला आहे. पण जी गाणी ते असताना रंगमंचावर क्वचितच आली, ती त्यांच्या हातून आता कोणालाही ऐकता येणार नाहीत. अल्बम टिकतात. मूळ निर्मात्याकडून एखादे विस्मृत गाणे समोर बसून ऐकण्याची संधी मात्र त्या निर्मात्याबरोबरच संपते. वृद्ध बँडांच्या खाती आता मोजक्याच संध्याकाळी शिल्लक आहेत. त्या सगळ्याच्या सगळ्या त्याच वीस गाण्यांवर खर्च करणे ही श्रोत्यांची सोय असेल, पण उरलेल्या शेकडो गाण्यांवर तो अन्याय आहे.