काटोलचा दगड आणि पृथ्वीचे पोट

आपल्या जालन्याकडे पाण्यासाठी बोअर मारतात. कधी पाचशे फूट, कधी हजार फूट. वर येणारा दगडाचा भुगा आपण चिमटीत धरून पाहतो. पण त्याच्याही खूप खाली काय असेल?

माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियात आहे. ते 12 किलोमीटरहून थोडे जास्त. पृथ्वीचा मध्य मात्र सुमारे 6,370 किलोमीटर खोल! आंब्याची सालही अजून पुरती सोललेली नाही.

मग आतले कळावे कसे? आधी वजन पाहू. एका भांड्यात 10 किलो पाणी मावते. तेवढाच आपला काळा दगड घेतला तर तो 30 किलोच्या आसपास भरेल. पण सबंध पृथ्वीच्या हिशेबाने तेवढा गोळा 55 किलो भरतो. म्हणजे आत दगडाहून जड काहीतरी आहे.

ते काय, हे आकाशातून पडणारे दगड सांगतात. लोणार आपल्या शेजारी, पण तिथे आदळलेल्या गोळ्याचा धड तुकडा हाती नाही. काटोलचे तसे नाही. 22 मे 2012 रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलवर मोठा आवाज होऊन दगड पडले. लोकांनी वेचले, भूगर्भ खात्याने तपासले. त्यांत लोखंडाचे आणि निकेल धातूचे कण निघाले.

अशाच दगडांचे गोळे एकत्र येऊन पृथ्वी झाली, असे शास्त्रज्ञ मानतात. ती तापून वितळली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातली भट्टी ज्यांनी पाहिली, त्यांना पुढचे सांगायला नको. मळ वर तरंगतो, लोखंड खाली बसते. पृथ्वीतही तसेच झाले. मधोमध लोखंड, भोवती दगड.

काटोलच्या दगडात आणखी एक नवल सापडले. खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी 2021 साली त्यात ब्रिजमनाइट नावाचे खनिज असल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीत सर्वांत जास्त असलेले खनिज हेच, पण ते 660 किलोमीटरच्या खाली! तिथून वर आणू म्हटले तर दाब सुटतो आणि ते बदलून जाते. काटोलचा दगड मात्र अवकाशात दुसऱ्या दगडावर आदळला होता. क्षणभर प्रचंड दाब आला, हे खनिज तयार झाले आणि झटकन थंड होऊन तसेच राहिले. त्याचे कण इतके बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.