आजोबांच्या फोटोतली ती 'विचित्र गाडी' कोणती? अशी ओळखा

ग्वाल्हेर : हरिशंकरपुरमसारख्या वसाहतीतल्या अनेक मराठी घरांची मुळं जुन्या शिंदे संस्थानच्या फौजेत आहेत. संस्थानचा ग्वाल्हेर लान्सर्स हा रिसाला १९४४ मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकान आघाडीवर होता. तेव्हाचा एखादा फोटो घरात निघाला की मागच्या चिलखती गाडीला सगळे सरसकट 'टँक' म्हणतात. पण गाडी नीट ओळखली, तर आजोबा कुठं लढले याचा माग लागू शकतो.

आधी चाकं बघा

लोखंडी पट्ट्यांवर चालणारी, बुटकी, वरून उघडी गाडी दिसली तर ती बहुधा ब्रेन कॅरिअर. तशीच उघडी, पण चार रबरी टायरांची असेल तर 'इंडियन पॅटर्न कॅरिअर' असण्याची शक्यता जास्त. ही आपल्याकडचीच. कॅनडाहून आलेल्या चेसिसवर जमशेदपूरच्या टाटा कारखान्याचं चिलखत बसवायचे, म्हणून तिला 'टाटानगर' असंही म्हणत. दुसऱ्या महायुद्धात अशा साडेचार हजारांहून जास्त गाड्या बनल्या. परदेशी पुस्तकांत ती क्वचितच दिसते, म्हणून पटकन ओळखू येत नाही.

मग खुणा

ही गाडी आफ्रिकेत, इटलीत आणि ब्रह्मदेशातही होती. म्हणजे नुसत्या गाडीवरून आघाडी ठरत नाही. पुढच्या-मागच्या पत्र्यावर डिव्हिजनचं चिन्ह शोधा. लाल गरुड असेल तर चौथी डिव्हिजन, म्हणजे आफ्रिका किंवा इटली. काळं मांजर असेल तर सतरावी, म्हणजे ब्रह्मदेश. चिन्ह दिसत नसेल तर लगेच निराश होऊ नका, सेन्सॉरवाले ते कधी कधी पुसून टाकत. आणि अक्षरं उलटी दिसली तर फोटोच उलटा छापलाय असं समजा.

'पकडलेला पॅटन' खरंच पॅटन?

१९६५ च्या फोटोंत हा घोळ नेहमी होतो. चाकांचा वरचा भाग झाकणारी लोखंडी झालर असेल तर तो बहुधा आपलाच सेंच्युरियन. पॅटनची चाकं उघडी असतात. शर्मन मात्र दोन्ही सैन्यांकडं होता, त्यामुळं तिथं खूण बघितल्याशिवाय बोलू नये. १९७१ च्या फोटोत होडीसारखा चपटा, सहा चाकांचा हलका रणगाडा आपला पीटी-७६, तर पाच चाकांचा पाकिस्तानचा चॅफी. गरीबपूरला हेच दोघे समोरासमोर आले होते.

पुढं काय?

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियनसह अनेक जुने रणगाडे उभे आहेत. फोटो घेऊन जा, ताडून बघा. फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन करा; मागचा शिक्का, तारीख पुसू नका. आजोबांचा सैनिक क्रमांक सापडला तर रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहा. तोवर व्हॉट्सॲपवर 'आजोबांनी पकडलेला पॅटन' असं टाकू नका. चुकीची ओळ एकदा पसरली की पुढची पिढी तीच खरी धरते.