धाप नसतानाचं औषध

मृग नक्षत्र लागताना हैदराबादच्या नामपल्ली मैदानावर दम्याच्या रुग्णांच्या रांगा लागतात. बथिनी कुटुंबातली माणसं मरळ जातीच्या माशाच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात पिवळसर औषध भरतात आणि ते पिल्लू रुग्णाला गिळायला देतात. परभणीहून हैदराबादला थेट रेल्वे आहे, १९४८ पर्यंत तर हा जिल्हा निजामाच्याच राज्यात होता. ही वाट इथल्या माणसांना नवखी नाही. तेवढा प्रवास झेपत नसेल तर कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध देणारी ठिकाणं मराठवाड्यात आणि विदर्भात आहेतच. या प्रथांची टिंगल करणं सोपं आहे, पण त्या टिकल्या त्या दम्याच्या स्वभावामुळे. दमा सलग छळत नाही, येतो आणि जातो. ज्या महिन्यात पोराला जास्त धाप लागली, त्याच्या पुढच्या महिन्यात ती बहुधा ओसरणारच असते. मग सगळ्यात शेवटी ज्याच्याकडे गेलो त्याला श्रेय मिळतं, तो मासा असो, खीर असो की दवाखान्यातली खोकल्याची बाटली.

बाटलीचा उल्लेख मुद्दाम केला. मासा आणि बाटली यांत शास्त्राचं अंतर मोठं असलं, तरी दोन्हींमागची समजूत एकच आहे: धाप लागली की आजार आला, धाप गेली की आजार गेला. लहान मुलांच्या दम्याबाबत आपली मोठी चूक होते ती इथे. दमा म्हणजे श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला आलेली, रेंगाळणारी सूज. मूल अंगणात हुंदडत असतानाही ती आत असते. सर्दीचा विषाणू, धूर, धूळ किंवा गार हवा यांपैकी काहीही लागलं की सुजलेल्या नळ्या आवळतात आणि घरघर सुरू होते. आवळलेली नळी मोकळी करणारं औषध, म्हणजे साल्ब्युटामॉल, काही मिनिटांत आराम देतं, पण सुजेला हात लावत नाही. सूज उतरवणारं बुडेसोनाइडसारखं औषध रोज थोडं थोडं, श्वासावाटे, म्हणजे पंपाने, घ्यावं लागतं, आणि त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. ‘लागलं की वाफ द्या’ या रिवाजात पहिलं औषध पुन्हा पुन्हा मिळतं, दुसरं मिळतच नाही.

जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात असल्याचा अंदाज आहे; दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र सुमारे ४२ टक्के इथले. ही तफावत नुसत्या हवेवर ढकलता येत नाही. पुण्यासह देशातल्या नऊ केंद्रांवर सव्वा लाखावर मुलांची आणि पालकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के जणांना दम्याचं निदानच मिळालेलं नव्हतं, आणि सूज उतरवणारं औषध रोज घेणारे त्यांच्यात अडीच टक्केही नव्हते. मराठवाड्यातलं एकही केंद्र त्या पाहणीत नव्हतं. पण पुण्यासारख्या शहरांत ही गत असेल तर पालम किंवा सोनपेठमध्ये ती बरी असेल, असं मानायला कारण दिसत नाही.

औषध घेतलं जात नाही त्यामागे भीती आहे, आणि ती खोटी म्हणून झटकू नये. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘त्यात स्टेरॉइड असतं, वाढ खुंटते’. सवयीचं आधी पाहू. साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलीत, दोन मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका झटक्यात असतं शंभर मायक्रोग्रॅम. म्हणजे जो चमचा आपण बिनधास्त पाजतो त्यात वीस झटक्यांइतकं औषध भरलेलं असतं. ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरतं. पोराचे हात थरथरतात, छाती धडधडते, आणि फुप्फुसाच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं. रोजच्या औषधाची तर नशेसारखी सवय लागत नाहीच. ते थांबवल्यावर त्रास परततो, कारण आजार संपलेला नसतो. उंचीची शंका मात्र खरी आहे. अमेरिका-कॅनडातल्या एक हजारावर मुलांना चार ते सहा वर्षं औषधं देऊन, पुढे ती मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. बुडेसोनाइड घेतलेल्यांची अंतिम उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. बोटाच्या पेराहूनही कमी. दुसऱ्या पारड्यात काय आहे? रात्र रात्र मांडीवर बसून काढणं, बुडलेली शाळा, आणि दम्याच्या प्रत्येक झटक्याला पोटातून दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या. वारंवार घेतल्या तर वाढीला त्या अधिक नडतात.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. पाच वर्षांखालच्या किती तरी मुलांना सर्दीबरोबर घरघर होते आणि पुढे ती आपसूक थांबते. मग सगळ्यांवर दम्याचा शिक्का कशाला? अमेरिकेतल्या टुसॉन शहरातल्या अभ्यासात पहिल्या तीन वर्षांत घरघर झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के मुलं सहाव्या वर्षापर्यंत त्यातून सुटली होती. तेव्हा एकदा छाती वाजली म्हणून ‘बाळदमा’ म्हणणं उतावीळपणाच. पण सर्दी नसतानाही घरघर होत असेल, हसताना-धावताना खोकल्याची उबळ येत असेल, पहाटे खोकल्याने झोपमोड होत असेल, अंगावर खाजरा इसब असेल, आईला किंवा वडिलांना दमा असेल, तर त्या मुलाची गणती उरलेल्या ४० टक्क्यांत धरून दोन-तीन महिने रोजचं औषध देऊन बघावं आणि मग डॉक्टरांनी फेरविचार करावा. शिक्का मारण्याची घाई नको, तशी ‘मोठं झालं की जाईल’ म्हणून वर्षं घालवणंही नको.

आता अ‍ॅलर्जी. परभणीत तिचा संशय घ्यायला जागा भरपूर आहेत. भाव येईल म्हणून घरातल्या खोलीत छतापर्यंत भरलेला कापूस, चुलीत जळणारी पऱ्हाटी, पावसाळ्यात ओल धरलेली भिंत, रस्त्याकडेचं गाजरगवत, आणि गोधडीतले डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे. यांतल्या प्रत्येकाला अ‍ॅलर्जी म्हणता येत नाही. पऱ्हाटीचा धूर अ‍ॅलर्जी नसलेल्याचीही श्वासनलिका चिडवतो. सोयाबीनची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९८१ ते १९८७ या काळात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात काही ठरावीक दिवशी दमेकऱ्यांची रुग्णालयात एकदम झुंबड उडायची. शोध घेतल्यावर कळलं, की त्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवलं जायचं आणि कोठाराला गाळणी नसल्याने टरफलांची धूळ शहरभर पसरायची. गाळणी बसवल्यावर साथी थांबल्या. तिथले रुग्ण प्रामुख्याने प्रौढ होते, त्यामुळे ते उदाहरण जसंच्या तसं आपल्या मुलांना लावता येत नाही. पण दसऱ्याच्या सुमारास मळणीयंत्रातून उडणाऱ्या भुशात पोरं खेळू देऊ नयेत, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. कापूस झोपायच्या खोलीत नको, चूल असेल तर मूल तिच्यापासून लांब झोपवावं, गोधड्या कडक उन्हात घालाव्यात. मात्र शेताला गाळणी बसवता येत नाही, आणि लहान मुलांचा दमा बळावण्याचं सर्वांत मोठं निमित्त धूळ नसून साधी सर्दी असते. म्हणून आवराआवरी कितीही केली तरी ती औषधाची जागा घेत नाही.

खाण्याच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. केळी, दही, पेरू, सीताफळ सगळं ‘थंड’ म्हणून बंद, आणि आधीच अंगाने बारीक असलेलं पोर वरणभातावर. खाण्यामुळे नुसता दमा उठणं विरळा. खरी अन्नाची अ‍ॅलर्जी दूध, अंडं, शेंगदाणे असल्या पदार्थांनी होते, आणि ती बहुधा दोनेक तासांच्या आत गांधी, ओठांची सूज, उलटी अशी उघड दिसते. रक्ततपासणीच्या लांबलचक यादीत एखाद्या पदार्थापुढे खूण आली म्हणजे अ‍ॅलर्जी सिद्ध झाली असंही नाही. तो पदार्थ खाऊन मुलाला कधी त्रास झाला का, हे आधी पाहायचं.

राहिला खर्चाचा आणि साधनाचा प्रश्न. बुडेसोनाइडचा पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. यादीतून तो गावच्या आरोग्य केंद्राच्या कपाटात यायला हवा, ही मागणी ग्रामसभेत करण्याजोगी आहे. लहान मूल पंप थेट तोंडात घेऊ शकत नाही, त्याला मध्ये पोकळ नळकांडं, म्हणजे स्पेसर, लागतो. तोही विकत घेता येत नसेल तर १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलेला मार्ग आहे: शीतपेयाची अर्ध्या लिटरची बाटली. तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून पंप घट्ट बसवायचा, आणि बाटलीच्या तोंडाने मुलाने पाच-सहा संथ श्वास घ्यायचे. विकतच्या स्पेसरइतकाच तिचा उपयोग झाला. डॉक्टरांकडून एकदा बसवून मात्र घ्यावी. रोजच्या पंपानंतर चूळ भरायची, अगदी लहान असेल तर तोंड पुसायचं. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, मुलाला सलग बोलता किंवा दूध पिता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, तर बाटलीपाशी थांबायचं नाही. साल्ब्युटामॉल देत देत १०८ ला फोन करायचा.

सगळ्यात अवघड आहे ते ऊसतोडीला जाणाऱ्यांचं. दिवाळीच्या आगेमागे गंगाखेड, पालम, सोनपेठकडची बिऱ्हाडं पोराबाळांसह निघतात. नेमक्या थंडीच्या महिन्यांत ती पोरं फडातल्या धुळीत आणि कोपीतल्या चुलीपाशी असतात, आणि गावचा डॉक्टर दोन-तीनशे किलोमीटर मागे राहिलेला असतो. उचल ठरते त्याच आठवड्यात मुलाची तपासणी करून पुढच्या पाच महिन्यांचे पंप, बाटलीचा स्पेसर आणि औषधाचं नाव-प्रमाण लिहिलेला कागद ट्रॅक्टरमधल्या पेटीत गेला पाहिजे. कोपीत पोर हसत-खेळत असलं तरी संध्याकाळचा तो पंप चुकवायचा नाही, हे आईला निघण्याआधीच सांगून ठेवायला हवं.