व्यवसाय बुद्धिमत्ता अहवालाचे नियोजन

व्यवसाय बुद्धिमत्ता अहवालाचे नियोजन म्हणजे एखाद्या संस्थेच्या विक्री, साठा, वसुली, मनुष्यबळ इत्यादी व्यवहारांच्या विदेवर (डेटावर) आधारित अहवाल किंवा डॅशबोर्ड प्रत्यक्ष तयार करण्यापूर्वी त्याचा हेतू, वाचक, मापे, विदेचे स्रोत आणि मांडणी निश्चित करण्याची प्रक्रिया होय. पॉवर बीआय, टॅब्लो यांसारख्या साधनांमुळे आलेख काढणे काही मिनिटांचे काम झाले आहे. त्यामुळे अहवालातील चुका आता बहुधा आलेख काढताना होत नाहीत. आलेखात नेमके काय मोजले जात आहे हे आधी न ठरवल्यामुळे त्या होतात.

संज्ञा आणि पूर्वपीठिका

'बिझनेस इंटेलिजन्स' हा शब्दप्रयोग रिचर्ड मिलर डेव्हन्स यांच्या १८६५ सालच्या व्यापारविषयक कथासंग्रहात आढळतो. युरोपातील लढायांच्या वार्ता इतरांच्या आधी मिळवून नफा कमावणाऱ्या सर हेन्री फर्नीज या सावकाराच्या संदर्भात तो आला आहे. तेथे 'इंटेलिजन्स' या शब्दाचा अर्थ बुद्धी असा नसून खबर किंवा वार्ता असा आहे. त्या दृष्टीने 'व्यवसाय बुद्धिमत्ता' हा रूढ मराठी प्रतिशब्द काहीसा दिशाभूल करणारा आहे, परंतु तो आता स्थिरावला आहे. आयबीएममधील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये ही संज्ञा एका शोधनिबंधाच्या शीर्षकात वापरली. हॉवर्ड ड्रेसनर यांनी १९८९ पासून तिला आजचा व्यापक अर्थ दिला. अहवालांसाठी विदेची रचना कशी असावी याची पद्धतशीर चर्चा मुख्यतः बिल इन्मन (१९९२) आणि राल्फ किम्बल (१९९६) यांच्या विदाकोठारांवरील ग्रंथांतून पुढे आली.

हेतू आणि वाचक

नियोजनाची सुरुवात उपलब्ध विदेपासून न करता घ्यावयाच्या निर्णयापासून करणे योग्य मानले जाते. 'विक्रीचा अहवाल हवा' या मागणीतून नियोजनास उपयोगी असे काहीच हाती लागत नाही. 'कोणत्या दुकानात पुढील आठवड्यात माल पाठवायचा' किंवा 'कोणत्या ग्राहकाची उधारी थांबवायची' असा प्रश्न समोर ठेवला, की लागणारी मापे, तपशिलाची पातळी आणि विदा किती ताजी हवी हे बव्हंशी आपोआप ठरते. आकडा वाढला अथवा घटला तर काय वेगळे केले जाईल, याचे उत्तर मागणी करणाऱ्याला देता येत नसेल, तर तो आकडा अहवालातून वगळणे इष्ट. वाचकानुसारही गरज बदलते. संचालकास महिन्याची दिशा पुरते, तर गोदाम व्यवस्थापकास आजच्या साठ्याची वस्तुनिहाय यादी लागते. दोघांसाठी एकच पान करण्याचा प्रयत्न सहसा दोघांनाही निरुपयोगी ठरतो.

तपशिलाची पातळी

किम्बल यांच्या पद्धतीत चार पायऱ्या क्रमाने येतात: व्यवहारप्रक्रिया निवडणे, तपशिलाची पातळी घोषित करणे, परिमाणे ठरवणे आणि शेवटी मापे ठरवणे. यांतील दुसरी पायरी, जिला 'ग्रेन' म्हणतात, सर्वाधिक महत्त्वाची आहे. सारणीतील एक ओळ कशाची निदर्शक आहे, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. एक ओळ म्हणजे एक बिल, की बिलावरील एक वस्तू? समजा, चार वस्तूंच्या एका बिलावर १०० रुपये वाहतूक खर्च आहे आणि तो प्रत्येक वस्तूच्या ओळीवर नोंदला गेला आहे. बेरीज केल्यास खर्च ४०० रुपये दिसेल. संगणक कोणताही दोष दाखवणार नाही, आलेखही सुबक येईल.

प्रत्येक माप कोणत्या दिशेने बेरजेस योग्य आहे, हेही येथेच ठरवावे लागते. विक्रीची रक्कम दुकाने आणि महिने या दोन्हींवर बेरजेस चालते. साठ्याचे तसे नाही. प्रत्येक महिनाअखेरीस ५०० नग शिल्लक असतील, तर वर्षाचा साठा ६,००० नग होत नाही. टक्केवारीची तर बेरीज किंवा साधी सरासरीही घेता येत नाही. एका दुकानात १०० रुपयांच्या विक्रीवर ४० रुपये नफा आणि दुसऱ्यात ९०० रुपयांच्या विक्रीवर ९० रुपये नफा असल्यास त्यांच्या टक्केवारींची सरासरी २५ येते, प्रत्यक्षात एकत्रित नफा १३ टक्के असतो. म्हणून गुणोत्तराचा अंश आणि छेद स्वतंत्र साठवून भागाकार शेवटी करतात.

व्याख्यांची निश्चिती

'विक्री' हा शब्द विपणन विभागासाठी मिळालेली मागणी, गोदामासाठी रवाना झालेला माल, लेखा विभागासाठी फाडलेले बिल आणि वसुली करणाऱ्यासाठी जमा झालेली रक्कम असतो. चारही अर्थ आपापल्या जागी योग्य आहेत. एकाच बैठकीत दोन विभागांचे दोन आकडे समोर आले, की वाद व्यवसायाऐवजी अहवालावर होतो आणि अहवालावरील विश्वास उडतो. त्यामुळे परत आलेला माल वजा करायचा का, रक्कम वस्तू व सेवा करासह धरायची का, असे प्रश्न आधी लेखी सोडवावे लागतात. १८ टक्के कर असलेल्या वस्तूचे १,१८० रुपयांचे बिल झाले, तरी विक्रेत्याचे उत्पन्न १,००० रुपयेच असते.

काळाची व्याख्या वरवर सोपी वाटते, पण सर्वाधिक गोंधळ तेथेच होतो. भारतात आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणून ३१ मार्चला आलेली आणि २ एप्रिलला बिल झालेली मागणी कोणत्या वर्षाची, हे ठरवणे भाग असते. मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करण्याची रूढ पद्धत सणांच्या बाजारपेठेत फसते. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला, तर अधिक श्रावणामुळे २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला आले. कपडे किंवा मिठाई विकणाऱ्याचा २०२३ चा ऑक्टोबर त्यामुळे मंदीचा दिसला, तर तो दोष व्यवसायाचा नाही. यासाठी अहवालाच्या दिनदर्शिका सारणीत सणाच्या आधीचे दिवस मोजणारा स्वतंत्र स्तंभ ठेवणे उपयोगी पडते.

भौगोलिक परिमाणांबाबतही अशीच काळजी घ्यावी लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जिल्हानिहाय अहवालात त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या ठाण्याची थेट तुलना केल्यास घट दिसेल, ती केवळ सीमा बदलल्यामुळे. जुन्या नोंदी नव्या रचनेत बसवायच्या की त्या काळच्या नावानेच ठेवायच्या, हा निर्णय नियोजनातच व्हावा लागतो, कारण जुनी माहिती पुसून नवी लिहिल्यावर मागे जाता येत नाही.

स्रोतांची तपासणी

विदा कोठून, कोणत्या स्वरूपात आणि किती वेळाने येते, याची पाहणी मांडणीच्या आधी केली जाते. ती न झाल्याचे गंभीर उदाहरण इंग्लंडमधील आहे. २०२० मध्ये तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणा प्रयोगशाळांकडून आलेल्या कोविड चाचण्यांच्या नोंदी एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या धारिकांत भरत होती. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळींचीच मर्यादा असल्याने वरच्या नोंदी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनिक आकडेवारीत वेळेवर आली नाही. बाधितांना त्यांचे निकाल कळले होते, मात्र त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध घेण्यास विलंब झाला. आलेल्या आणि नोंदल्या गेलेल्या ओळींची संख्या जुळवणारी साधी तपासणी अशा वेळी पुरेशी असते.

अद्ययावतीकरणाचा काळही येथेच ठरतो. पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेत 'आज' हा दिनांक जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजला जातो. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने पहाटे ५.३० पर्यंत अहवालात कालचीच तारीख राहते. रात्रपाळी चालणाऱ्या कारखान्यात ही बाब किरकोळ नसते.

मांडणी आणि प्रवेशाधिकार

मांडणीचे रेखाटन आधी कागदावर, खोट्या आकड्यांनिशी करून वापरकर्त्यास दाखवले जाते. संगणकावर तयार झालेले रंगीत पान बदलण्यास सांगताना लोक संकोचतात, पेन्सिलीच्या रेघांबाबत तो संकोच नसतो.

कोणी काय पाहावे हे मात्र शेवटासाठी ठेवू नये. विभागीय अधिकाऱ्यास केवळ आपल्या विभागाच्या ओळी दिसाव्यात असे असेल, तर व्यक्ती आणि विभाग जोडणारी सारणी रचनेतच असावी लागते. वेतन, आजार, दूरध्वनी क्रमांक असे वैयक्तिक तपशील मुळात आणायचेच का, हाही प्रश्न विचारला जातो. भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे त्याला कायदेशीर बाजूही आली आहे.

नियोजनाच्या दस्तऐवजात सामान्यतः स्वीकृतीची कसोटीही लिहिलेली असते. उदाहरणार्थ, एका ठरावीक महिन्याची अहवालातील विक्री लेखा विभागाच्या खातेवहीशी रुपयापर्यंत जुळली पाहिजे, आणि फरक राहिल्यास त्याचे कारण ओळीनिशी दाखवता आले पाहिजे. त्याच दस्तऐवजात प्रत्येक व्याख्येची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे पद आणि अहवाल चालू ठेवायचा की बंद करायचा याच्या फेरविचाराचा दिनांक नोंदवतात.