हे घर आपल्याला कितीला पडलं?

घरं बांधणाऱ्या कारखान्याच्या नफातोटा पत्रकात नफा दिसतो तेव्हा मी आधी जॉब कार्डं मागते. सगळ्या घरांचा मिळून खर्च कोणीही सांगतो. मला एकेका घराचा हवा असतो. जॉब ऑर्डर कॉस्टिंगचा जीव त्यातच आहे. ऑर्डर आली की तिला क्रमांक पडतो आणि त्या क्रमांकाचं खर्चाचं कार्ड उघडतं. स्टोअरमधून निघालेला पत्रा, सिमेंट, दारं-खिडक्या यांच्या चिठ्ठीवर तोच क्रमांक येतो आणि वेल्डरच्या वेळेच्या नोंदीवरही तोच. साहित्य आणि मजुरी अशी कार्डावर नीट बसते.

अडतं ते शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार आणि यंत्रांचा घसारा यांच्यापाशी. हे खर्च कुठल्याच एका घराचे नसतात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला अंदाजाने दर ठरवतात. समजा, असे खर्च वर्षाला ६ कोटी आहेत आणि ३०० घरं निघतील असा होरा आहे. मग प्रत्येक कार्डावर २ लाख पडतात. प्रत्यक्षात १००च घरं निघाली, तर ४ कोटी कोणाच्याच कार्डावर चढत नाहीत. प्रत्येक कार्डावर नफा आणि कारखाना मात्र बुडीत!

अमेरिकेतल्या लस्ट्रॉन कंपनीची कहाणी मला म्हणूनच फार लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरांची भीषण टंचाई होती. कार्ल स्ट्रँडलंड यांनी इनॅमल चढवलेल्या पोलादी पत्र्याचं घर काढलं. कोलंबस शहरातल्या विमानांच्या जुन्या कारखान्यात, सरकारी कर्जावर काम सुरू झालं. कर्ज वाढत साडेतीन कोटी डॉलरच्या वर गेलं. १९४८मध्ये ३०,००० घरांची भाषा होती. १९५०मध्ये कर्जापायी कारखाना बंद पडेपर्यंत सगळी मिळून निघाली सुमारे २,५००. एका घराचे सुटे भाग तीन हजारांवर. प्रचंड यंत्रसामग्री अवाढव्य संख्येच्या भरवशावर बसवलेली होती, आणि तिचा भार थोड्या घरांवर आला. घर मात्र चांगलं होतं. त्यातली कित्येक आजही उभी आहेत. चांगलं घर बांधूनही माणसं हरली, याचं मला वाईट वाटतं.

याउलट, अमेरिकेतल्याच सीअर्स कंपनीने १९०८ ते १९४० या काळात कॅटलॉगमधून घरांचं सामान रेल्वेने पाठवलं. जमीन, पाया आणि गवंड्याची मजुरी गिऱ्हाइकाची. जबाबदारीची हद्द आखलेली असल्याने खर्चाचीही आखलेली होती. तिथल्याच लेव्हिटटाउन या वसाहतीत घरं जागच्या जागी आणि कामगारांच्या तुकड्या घरोघर फिरत्या. सतरा हजारांवर घरं जवळपास एकसारखी. तिथे घरागणिक कार्डाची फारशी गरज नव्हती, टप्प्याटप्प्याचा खर्च पुरे. पण एखाद्याने खिडकी हलवायला सांगितली की कार्ड हवंच.

आपल्याकडे फाळणीनंतर दिल्लीत सरकारने घरांच्या तयार भिंतींचा कारखाना काढला. फोम काँक्रीटच्या त्या पॅनेलना तडे गेले आणि मूळ बेत सोडून द्यावा लागला. असल्या तड्यांचा खर्च कुठे लिहायचा, यावर मी तरुण हिशेबनीसांशी हमखास वाद घालते. गिऱ्हाइकाने बदल मागितला म्हणून काही फोडलं, तर ते त्याच्या कार्डावर. नेहमीची थोडी मोडतोड सर्वसाधारण खर्चात. मिश्रणच चुकून सबंध लॉट वाया गेला, तर तो थेट नफातोट्यात. कुठल्याही घराच्या माथी नाही. नाहीतर पुढच्या ऑर्डरचा भाव त्या चुकीवरून ठरतो.

पुण्यात बांधकाम उद्योजक बी. जी. शिर्के यांनी सिपोरेक्सचे हलके ठोकळे आणि कारखान्यात ओतलेले खांब आणि तुळया यांवर मोठ्या सार्वजनिक वसाहती उभ्या केल्या. अशा कामात साचा हा कळीचा खर्च. पोलादी साचा शंभर वेळा भरला, तर त्याच्या किमतीचा शंभरावा हिस्सा एका ओतकामावर येतो. दहा वेळांतच नकाशा बदलला, तर दहावा. म्हणून निविदा भरण्याआधी मी एकच कागद मागते: साच्यांची यादी आणि प्रत्येकासमोर तो किती वेळा भरला जाणार, तो आकडा.