घाट बंद होता तेव्हा नेट स्वस्त झालं

मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, त्या काळात आमच्या राजगुरुनगरात ‘व्हिडिओ काढून घर चालवतो’ म्हणणाऱ्याला कुणी मुलगी दिली नसती. यूट्यूब भारतात येऊन सहा वर्षं झाली होती. मधुरा बाचल यांनी २००९मध्ये अमेरिकेतल्या आपल्या स्वयंपाकघरातून रेसिपी दाखवायला सुरुवात केली होती. आमच्याकडे मात्र नेटचा पॅक पुरवून पुरवून वापरायचा, मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणायचं आणि तेच पुन्हा पुन्हा बघायचं.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि ही काटकसर संपली. त्याच वर्षी ‘भाडिपा’ हे मराठी यूट्यूब चॅनेल सुरू झालं. पुढे वेब सीरिज आल्या: साताऱ्याकडून ‘गावाकडच्या गोष्टी’, बारामतीजवळच्या कांबळेश्वरातून ‘चांडाळ चौकडीच्या करामती’. चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर असलेली पोरं रात्रपाळी करून खोलीवर आली की हेच बघत. काहींनी स्वतःही व्हिडिओ करून पाहिले. पण २०१८मध्ये यूट्यूबने अट घातली: एक हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं झालं, तरच जाहिरातीचा वाटा. नव्या पोरांची उमेद तिथेच मोडायची. टिकटॉकवाल्यांचं तर जून २०२०च्या बंदीने एका रात्रीत होत्याचं नव्हतं झालं.

१६ डिसेंबर २०२१ला न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि आमच्या तालुक्याचा हिशेबच बदलला. बंदीच्या त्या सात वर्षांत हाताहातात स्मार्टफोन आले होते. फेब्रुवारी २०२२मध्ये निमगावच्या खंडोबाच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीवर, खासदार अमोल कोल्हे गाड्यापुढच्या घोडीवर बसले, तो व्हिडिओ राज्यभर फिरला. घाटाला काय ताकद आहे, ते त्या दिवशी कॅमेरेवाल्यांना कळलं.

उत्तर पुण्याचा गाडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार बैल, पुढे घोडी, गाड्यावर माणूस नाही. निशाण पडलं की ‘भिर्रर्र’ची आरोळी उठते आणि काही सेकंदांत गाडा घाट चढून जातो. क्रमांक त्या सेकंदांवर ठरतो. अशी एक धाव म्हणजे बारी, आणि एक बारी म्हणजे एक रील, कापायचंही काम नाही. पण छोट्या व्हिडिओंना वाटा फेब्रुवारी २०२३पासून मिळू लागला, आणि तो तुटपुंजाच. खरा आधार दिवसभराच्या लाइव्हचा. पाचशे माणसांनी आठ तास पाहिलं की चार हजार तास झाले! रेसिपीवाल्याला जे गाठायला वर्ष पुरत नाही, ते घाटावर एका यात्रेत होऊ शकतं. शिवाय सुट्टी न मिळालेला कामगार मशीनशेजारी फोन टेकवून आपल्या गावची बारी बघतो. असा प्रेक्षक मधेच उठून जात नाही.

तरीही नुसत्या जाहिरातीवर घर चालत नाही. मोठ्या व्हिडिओत यूट्यूब ५५ टक्के देतं, पण मराठी प्रेक्षकासाठी जाहिरातदार मुळात कमी मोजतो. घाटावर डीजेवर गाणं लागलं आणि ते व्हिडिओत आलं की गाण्याचा मालक हक्क सांगतो आणि त्या व्हिडिओची कमाई त्याच्याकडे वळते. दिवसभर उन्हात उभं राहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, ही गोष्ट मनाला फार लागते. पाऊस पडला की यात्रांचा हंगामही संपतो. म्हणून भिस्त असते ती यात्रा कमिटीच्या लाइव्हच्या सुपारीवर, आपल्या बैलांचा व्हिडिओ हवा असलेल्या गाडामालकावर, पशुखाद्याच्या आणि ट्रॅक्टरच्या दुकानदारांवर. ओळखीपाळखीवर मिळणारी ही कमाई मला जास्त भरवशाची वाटते. यूट्यूबचा नियम उद्या बदलेल, निमगावची यात्रा चुकणार नाही.

१८ मे २०२३ला घटनापीठाने शर्यतींची परवानगी कायम केल्यावर हा धंदा एका रात्रीत बुडेल ही भीती कमी झाली. आता एकाच घाटावर अनेक कॅमेरे असतात आणि नवा प्रश्न वाटणीचा आहे. लाइव्ह लोक ऐकतात ते निवेदकासाठी. प्रत्येक गाड्याचं, मालकाचं नाव तोंडपाठ असलेला हा माणूस सकाळपासून माइक सोडत नाही. यूट्यूबचे पैसे मात्र चॅनेलच्या एकाच खात्यावर जमा होतात आणि पुढचा व्यवहार तोंडी. कमिटीने लाइव्हची सुपारी देतानाच निवेदकाचा हिस्सा कागदावर घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.