आधी अंत्यविधी, मग गादी

घानाच्या उत्तर भागातल्या गाद्यांच्या भांडणांवर मी दिवाळी अंकांतून लिहू लागलो तेव्हा संपादक विचारायचे, "वाचणार कोण?" आता कुणी विचारतही नाही. आफ्रिका म्हटलं की लष्करी उठाव नाहीतर सोन्याच्या खाणी, एवढंच छापायला हवं असतं. या वर्षी जागा हवी तेवढी मिळाली आहे. तेव्हा दागबोनच्या वादात तीन राजांनी पंधरा वर्षं केलेल्या मध्यस्थीवर सविस्तर लिहितो, आणि तीच वाट बावकूत का अडली यावरही.

दागबोनची पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. राजधानी येंडी, राजाला म्हणायचं या-ना. तो सिंहासनावर नव्हे तर जनावरांच्या कातड्यांच्या गादीवर बसतो. उत्तरेत राज्याभिषेक म्हणजे कातड्यावर बसवणं. मूळ पुरुष ना ग्बेवा. त्याच्या एका मुलाकडून माम्प्रुगूचं राज्य झालं, दुसऱ्याकडून दागबोन, तिसऱ्याकडून नानून. एकोणिसाव्या शतकात या-ना याकुबूच्या मागे अब्दुलाई आणि अंदानी हे त्याचे दोन मुलगे एकामागून एक गादीवर आले. त्यांच्या वंशजांची दोन घराणी झाली, अबुदू आणि अंदानी. गादी आळीपाळीने एकेका घराण्याकडे जायची. येंडीच्या गादीवर जायचं तर आधी सावेलुगू, मिऑन किंवा कारागा यांपैकी एका गावाची गादी मिळालेली असावी लागते, आणि बाप या-ना झालेला असावा लागतो. ही दुसरी अट लक्षात ठेवा. पुढचा सगळा रक्तपात तिच्यापोटी झाला.

मध्ये जर्मन आणि इंग्रजांनी राज्याची वाटणी केली, ती पहिल्या महायुद्धानंतर मिटली. 1948 साली भविष्य पाहून राजा निवडायची पद्धत मोडून निवड समिती आणली गेली. 1950च्या दशकात पाळी अंदानींची असताना गादी पुन्हा अबुदूंकडे गेली. 1960 साली एन्क्रुमा सरकारने नियम काढून पुढच्या दोन पाळ्या अंदानींना दिल्या. अंदानी तिसरा 1968च्या अखेरीस बसला आणि काही महिन्यांतच वारला. त्याचं बसणं रीतसर नव्हतंच असं ठरवून 1969 साली अबुदूंचा महमदू अब्दुलाई चौथा बसवला गेला. त्या सप्टेंबरात येंडीत राजवाड्यापाशी गोळीबार होऊन माणसं मेली. 1974 साली सरकार बदललेलं होतं. ओलेनू समितीच्या अहवालावरून त्याला उतरवून अंदानींचा याकुबू दुसरा बसवला गेला. हा सारा काळ सरकारांच्या चौकश्या आणि अहवालांचा आहे. त्यात मला फार रमावंसं वाटत नाही, कारण त्या अहवालांनी काहीच मिटवलं नाही.

खरा पेच पडला तो मरणानंतरच्या विधीवरून, आणि इथेच माझं अनेकांशी जमत नाही. आमच्याकडचे आंतरराष्ट्रीय घडामोडींवर लिहिणारे दोन-चार जण अजूनही सांगतात की दागबोनचा वाद म्हणजे दोन राजकीय पक्षांचा वाद: अबुदू एका पक्षाचे, अंदानी दुसऱ्याचे, बाकी सारा देखावा. पक्षांनी त्यात हात धुऊन घेतले हे खरं. पण पक्ष येतात नि जातात. या दोन घराण्यांना तलवार उपसायला लावणारी गोष्ट पक्षांहून जुनी होती.

1986 साली सर्वोच्च न्यायालयाने याकुबूची गादी कायम केली. पण गादीवरून उतरलेल्या अब्दुलाई चौथ्याला माजी या-ना समजावं, म्हणजे त्याच्या मुलांचा हक्क बुडणार नाही, असंही म्हटलं. 1988 साली तो वारला. दागबोनमध्ये या-नाचे अंत्यविधी ग्बेवा राजवाड्यात होतात. थोरला मुलगा ग्बोंग लाना म्हणून कातड्यावर बसतो, आणि शेवटचा विधी होईपर्यंत बापाची गादी तोच सांभाळतो. राजवाड्यात विधी झाला तर मेलेला या-ना होता हे साऱ्या राज्यासमोर ठरतं, आणि त्याच्या मुलांचा येंडीवरचा हक्क उभा राहतो. झाला नाही तर ते घराणं एका पिढीत बाद होतं. याकुबूने तो विधी राजवाड्यात होऊ दिला नाही. अबुदूंच्या पोटात ही आग चौदा वर्षं धुमसत होती.

वंशावळ तिथे कागदावर नसते, लुनावर असते. लुना म्हणजे दोन्ही तोंडांना कातडं ताणलेलं, मध्ये निमुळतं होत जाणारं वाद्य. ते काखेत धरायचं, कोपराने दोऱ्या आवळायच्या आणि वाकड्या काठीने वाजवायचं. दोऱ्या आवळल्या की आवाज चढतो, सैल सोडल्या की उतरतो, आणि त्या चढउतारात दागबानी भाषेतली नावं बोलली जातात. सणाच्या आदल्या रात्री सरदाराच्या वाड्यापुढे हे वादक जमतात आणि पहाटेपर्यंत पूर्वजांच्या कथा सांगत राहतात. काही कथांच्या आधी बळी दिल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. लोक चटयांवर बसून ऐकतात. आपल्या पूर्वजाचं नाव आलं की एखादा उठतो आणि वादकाच्या कपाळावर नाणं चिकटवतो. दागबोन पाहिल्यावर माझी एक खात्री झाली, आणि ती मी आजवर सोडलेली नाही: ज्याचा विधी राजवाड्यात होत नाही, त्याचं नाव या रात्रींतून गळतं. विधीसाठी माणसं मरायला का तयार होतात हे ज्यांनी ती रात्र ऐकली आहे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

2002च्या मार्चमध्ये मशालींच्या बुगुम सणावरून कुरबुर सुरू झाली आणि तीन दिवस येंडी जळली. 27 मार्चला ग्बेवा राजवाड्यात याकुबू दुसरा मारला गेला, त्याच्याबरोबर त्याची कितीतरी माणसंही. त्याचं शिर धडावेगळं केलं होतं. राष्ट्राध्यक्ष कुफुओर यांनी आणीबाणी लावली, वुआकू आयोग नेमला. उत्तर प्रांताच्या मंत्र्यांचा आणि देशाच्या गृहमंत्र्यांचा राजीनामा झाला. आयोगाने नावं दिली, खटले चालले. 2011 साली अक्राच्या न्यायालयाने पंधरा आरोपींना सोडून दिलं. एकाही मारेकऱ्याला शिक्षा झाली नाही. आजवर झालेली नाही.

कुफुओरांनी आणखी एक केलं, आणि ते मला त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम वाटतं. त्यांनी तीन राजांची समिती बसवली. अध्यक्ष कुमासीचे असांतेहेने ओटुमफुओ ओसेई टुटू दुसरे. सोबत नालेरिगूचे नायिरी, म्हणजे माम्प्रुगूचे राजे, आणि गोंजांचे याग्बोनवुरा. ही निवड कुणी केवळ प्रतिष्ठा पाहून केली असं समजू नये. अठराव्या शतकाच्या मध्याला असांतेंनी या-ना गारिबाला कैद केलं होतं आणि पुढे 1874पर्यंत दागबोन कुमासीला खंडणी देत होतं, तीही गुलामांच्या रूपाने. गोंजांनी एका या-नाला लढाईत मारलं होतं. त्यांच्याच दाबामुळे दागबोनची राजधानी पूर्वेकडे सरकून आजच्या येंडीला आली. नायिरी तर ग्बेवाच्या थोरल्या घरचे. म्हणजे दोन जुने वैरी आणि एक थोरला भाऊ. दागबोनचा इतिहास या तिघांना तोंडपाठ होता, आणि तिघांपैकी एकालाही येंडीची गादी नको होती. मध्यस्थाला याहून मोठी लायकी लागत नाही असं माझं मत आहे. अक्राच्या वकिलांना ती कधीच कळली नाही.

कुमासीच्या मानह्या राजवाड्यात बैठका सुरू झाल्या. 30 मार्च 2006 रोजी दोन्ही घराण्यांनी शांततेच्या आराखड्यावर सह्या केल्या. आराखड्यातली पावलं अशी: आधी याकुबूला माती द्यायची, मग त्याचा मुलगा ग्बोंग लाना म्हणून बसवायचा, मग महमदू अब्दुलाईचे अंत्यविधी, मग याकुबूचे, आणि शेवटी नवा या-ना. खून कुणी केला याचा त्यात शब्द नाही. गादी कुणाची याचा शब्द अगदी शेवटी. सुरुवात मेलेल्या माणसाला जमिनीत पोहोचवण्यापासून. कुठल्याही आयोगाला हा क्रम सुचला नव्हता, कारण आयोगाला गुन्हा दिसतो. राजांना बेवारस पडलेला राजा दिसला. 10 एप्रिल 2006 रोजी याकुबूला माती मिळाली, मरणानंतर चार वर्षांनी. त्याच महिन्यात त्याचा मुलगा काम्पाकुया ना ग्बोंग लाना म्हणून बसला.

पुढची बारा वर्षं कंटाळवाणी आहेत, पण त्यातलं एक सांगायलाच हवं. तिसरं पाऊल अडलं. अब्दुलाई चौथ्याचा विधी जुन्या ग्बेवा राजवाड्यात व्हावा हे अंदानींना मान्य होईना. ज्यांच्यावर आपल्या राजाच्या खुनाचा आळ आहे त्यांनी त्याच वाड्यात विधी करायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. मला त्यांचं दुःख समजतं. अबुदूंचा हक्कही समजतो. असांतेहेनेंनी घाई केली नाही. सरकारं बदलली, समितीतली काही माणसंही बदलली, पण कुमासीची बैठक मोडली नाही. 2018च्या नोव्हेंबरात अंतिम निर्णय झाला. डिसेंबरात जुन्या राजवाड्यात अब्दुलाई चौथ्याचे विधी झाले, जानेवारीत याकुबूचे. दोन्ही विधी शांततेत झाले. 18 जानेवारी 2019 रोजी सावेलुगूचे अबुबकारी महामा निवडले गेले आणि 25 तारखेला ते या-ना म्हणून बसले. मग त्यांनी जे केलं त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही: याकुबूच्या मुलाला सावेलुगूची गादी दिली आणि अब्दुलाई चौथ्याच्या मुलाला मिऑनची. म्हणजे पुढच्या पाळीला दोन्ही घराणी दारात उभी असतील. एका विधीने बुजवलेलं दार दुसऱ्या विधीने उघडलं.

काही अभ्यासक याला गुन्हेगारांना मोकळं सोडणं म्हणतात. त्यांच्याशी माझं भांडण आहे आणि राहील. न्यायालयाने जे केलं नाही ते राजांनी करायचं नव्हतंच. त्यांनी येंडीत पुन्हा राजा बसवला. गादी रिकामी ठेवून न्यायाची वाट पाहिली असती तर आणखी एक पिढी संगिनीखाली गेली असती.

1994चा कोंकोंबा–नानुंबा संघर्ष इथे उरकून घेतो. नाकपायिलीच्या बाजारातल्या गिनी कोंबडीच्या भावावरून पेटलेलं ते युद्ध मुळात कोंकोंबांना स्वतःचा मोठा सरदार हवा होता त्यातून उभं राहिलं. ते 1996च्या कुमासी करारात थांबवलं ते स्वयंसेवी संस्थांनी, राजांनी नाही. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

बावकूकडे येतो, आणि इथे मन उदास होतं. बुर्किना फासोच्या सीमेजवळचं हे गाव. वाद माम्प्रुसी आणि कुसासी या दोन जमातींचा. इंग्रजांच्या काळात बावकूचा सरदार नायिरींच्या हाताखाली माम्प्रुसी असायचा. 1957 साली कुसासींनी अबुग्रागो अझोका बसवला आणि सरकारने तो मानला. 1966च्या उठावानंतर पुन्हा माम्प्रुसी सरदार आला. 1983 साली लष्करी सरकारच्या कायद्याने गादी परत कुसासींकडे गेली. तेव्हापासून बावकू अधूनमधून पेटतं आहे. 2021च्या अखेरीस ते पुन्हा पेटलं ते कशावरून? चाळीसेक वर्षांपूर्वी वारलेल्या शेवटच्या माम्प्रुसी सरदाराच्या अंत्यविधीवरून. हे वाचलं तेव्हा दागबोनच्या आराखड्याची आठवण मला झाली; ती दुसऱ्या कुणाला झाल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. 2023च्या फेब्रुवारीत नायिरींनी नालेरिगूत बावकूसाठी दुसरा सरदार बसवला. पुढे असांतेहेनेंना पाचारण झालं, दोन्ही बाजू कुमासीला बोलावल्या गेल्या आणि 2025च्या डिसेंबरात त्यांचा अहवाल राष्ट्राध्यक्ष महामांच्या हाती पडला. त्यात कुसासींचे अझोका दुसरे हेच सरदार ठरले. नालेरिगूने तो मानला नाही.

मानणार तरी कसं? दागबोनमध्ये जे नायिरी थोरल्या भावाच्या आसनावर होते, ते इथे वादी आहेत. त्यांची खुर्ची रिकामी झाली, तिसरीही रिकामीच राहिली, आणि दोन्हींवर कुणालाच बसवलं नाही. असांतेहेने एकटे पडले, आणि एकट्याचा निर्णय कितीही न्याय्य असला तरी तो कुमासीचा निर्णय ठरतो. शिवाय यावेळी घाईही झाली. हल्ली साऱ्यांना अहवाल हवा असतो, बैठक नको असते. राजेही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. राज्यघटनेने त्यांना पक्षीय राजकारणाला मज्जाव केला आहे, तरी निवडणुकीच्या दिवसांत किती सरदार उमेदवाराचा हात वर करून उभे असतात! अशा माणसापुढे भांडण घेऊन कोण जाईल?

माझ्या मते नायिरींच्या रिकाम्या खुर्चीवर बुर्किना फासोची राजधानी वागादुगू इथले मोस्सी राजे मोघो नाबा बसायला हवेत. मोस्सी राजे स्वतःला ग्बेवाची मुलगी येनेंगा हिचे वंशज मानतात, म्हणजे नायिरींच्या घरातली लेक दिलेलं ते सोयरं घर आहे. कुसासी त्यांच्याही देशात राहतात. 2015च्या सप्टेंबरात वागादुगूत उठाव झाला तेव्हा राष्ट्राध्यक्षांचं रक्षक दल आणि सैन्य यांचा समझोता मोघो नाबांच्याच वाड्यात झाला होता. आक्षेप येईल की तेही ग्बेवाच्या रक्ताचे. येऊ द्या, दागबोनमध्ये नायिरीही होतेच. तिसऱ्या खुर्चीवर कुसासींनी त्यांना मान्य असलेला दुसऱ्या जमातीचा राजा बसवावा. आणि पहिल्या बैठकीत सरदार कोण हे विचारू नये. अडून राहिलेला तो अंत्यविधी कुठे आणि कुणाच्या हातून व्हायचा, एवढंच तिथे ठरावं.